बाउएन ते फ्ल्यूएलेन: बर्फाच्या डोंगरांखालची तळ्याकाठची वाट (सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आई, आमचे हे आणि मी, असे तिघं स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नच्या सरोवराकाठी दोन गावांमधली वाट दुपारभर चाललो. साताऱ्यात परतल्यापासून चार भिंतीच्या टेकडीवर सकाळी भेटणारे, सोसायटीतले, नात्यातले लोक तेच तेच प्रश्न विचारत आहेत. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असलेली घरं साताऱ्यात आता पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रश्नही पुष्कळ. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

१. ही वाट नेमकी आहे कुठे?

स्वित्झर्लंडच्या मधोमध लुसर्नचं मोठं सरोवर आहे. त्याचा दक्षिणेकडचा फाटा दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमध्ये चिंचोळा होत जातो. त्याला उर्नरसे म्हणतात, म्हणजे उरी प्रांताचं तळं. या फाट्याभोवती ३५ किलोमीटरची एक पायवाट आहे, तिचं नाव ‘वेग डेर श्वाइत्स’, म्हणजे स्वित्झर्लंडची वाट. रुटली नावाच्या कुरणापासून ती निघते आणि तळ्याला वळसा घालून ब्रुनेन गावाला संपते. आम्ही तिचा बाउएन ते फ्ल्यूएलेन एवढाच तुकडा चाललो. अंतर साधारण १० किलोमीटर.

२. वाटेला देशाचं नाव कशासाठी?

१२९१ मध्ये उरी, श्वित्स आणि उंटरवाल्डेन या तीन खोऱ्यांनी एकमेकांना साथ द्यायचा करार केला. तिथून स्विस लोक आपल्या देशाची सुरुवात धरतात. त्याला ७०० वर्षं झाली तेव्हा, १९९१ मध्ये, ही वाट खुली झाली. देशातल्या प्रत्येक रहिवाशामागे ५ मिलिमीटर, या हिशेबानं तिची लांबी ठरवली. मग ती २६ प्रांतांना लोकसंख्येप्रमाणे वाटून दिली, आणि जो प्रांत आधी संघात आला त्याचा तुकडा आधी. एका प्रांताचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथे दगड बसवलेला आहे.

हे कळल्यावर आई एका दगडापाशी थांबली आणि बुटाच्या टोकानं धुळीत करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी रेघ ओढली. “एवढी माझी,” म्हणाली. पाच मिलिमीटर साधारण तेवढेच.

३. सगळे टिटलिस नाहीतर युंगफ्राउच्या बर्फाच्या डोंगरांवर जातात. तुम्ही खालच्या गावांत का गेलात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला, आणि माझं म्हणणं याच उत्तरात आहे. वर रोपवेनं किंवा रेल्वेनं गेलं की बर्फ हातात येतं, फोटो निघतात, तासाभरात बोटं गारठतात आणि आपण खाली येतो. मार्च महिन्यात वर अजून हिवाळाच असतो. वसंत येतो तो आधी खाली, तळ्याच्या काठाला. दगडी बांधाच्या फटीत पिवळी प्रिमरोझ उगवलेली, गवत नुकतं पोपटी झालेलं, घरामागे माणसं शिडी लावून फळझाडं छाटतायत, आणि मान वर केली की त्याच चौकटीत पांढरेशुभ्र डोंगर. दोन ऋतू एका नजरेत बघायला मिळतात ते खालूनच.

वर जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण सहा दिवसांची सहल असेल तर त्यातली एक दुपार पायथ्याच्या गावांना द्या, एवढा आग्रह मात्र मनापासून आहे. तो देश राहतो कसा, हे तिथेच दिसतं.

४. माझे गुडघे दुखतात. जमेल का? आईंचं वय किती?

आई बहात्तर वर्षांची आहे. रोज अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं अर्ध्यापर्यंत जाऊन येते, एवढीच तिची सवय. बाउएन–फ्ल्यूएलेन तुकडा जवळजवळ सपाट आहे. पाटीप्रमाणे तीन तासांच्या आतबाहेर लागतात, आम्हाला बसत-उठत साडेचार लागले.

याच वाटेचा रुटली–झेलिसबर्ग–बाउएन हा आधीचा तुकडा मात्र गुडघेदुखीवाल्यांनी सोडावा. तो तळ्यापासून झेलिसबर्गपर्यंत चढतो आणि बाउएनला उतरताना पायऱ्या अन् तीव्र उतार आहे. चढ चालतो पण उतार सोसत नाही, असं ज्यांचं आहे त्यांना तो महागात पडेल.

५. एवढ्या उंचीवर धाप लागत नाही का?

उंची? उर्नरसेचं पाणी समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर आहे. आपला सातारा त्याहून जवळपास ३०० मीटर उंच, महाबळेश्वर तर १३०० मीटरच्याही वर. म्हणजे साताऱ्याहून तिथे जाताना आपण खाली उतरतो. तिथली थंडी उंचीची नाही, उत्तरेची. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १८ अंशांवर, ते ४७ अंशांवर.

डोंगर मात्र खरोखर उंच आहेत. झेडॉर्फ गावाच्या डोक्यावरचा गिट्शेन २५१३ मीटर, त्याच्या मागचा उरी रोटश्टॉक २९२८, आणि चालताना दक्षिणेला खोऱ्यात दिसणारा त्रिकोणी ब्रिस्टेन ३०७३ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर. हे आकडे डोक्यात ठेवून मान वर केली तर काय दिसतं ते सांगायला नको. पायथा एवढा खाली असल्यामुळे डोंगर अंगावर आल्यासारखे वाटतात.

६. गारवा किती असतो? कपडे काय न्यावेत?

मार्चमध्ये दुपारी तळ्याकाठी ८ ते १३ अंशांच्या आसपास. ऊन असेल तर स्वेटर काढावासा वाटतो, ढग आला की परत चढवावा लागतो. म्हणून एकच जाड कोट नको. आतून उबदार बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. कानटोपी हवीच. आई साडीतच होती, खाली लोकरी लेगिंग्ज आणि पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज. एक निऱ्या आवरणं सोडलं तर तिला काही अडचण आली नाही. चपला नकोत, सावलीतल्या भागात सकाळचा ओलावा दुपारीही टिकतो.

७. दुपारीच का? सकाळी जास्त चांगलं नाही का?

दुपारी निघा, पण फार उशिरा नको. बाउएन तळ्याच्या पश्चिम काठावर आहे आणि पाठीशी उंच डोंगर. त्यामुळे मार्चमध्ये तिथलं ऊन तीनच्या सुमारास डोंगराआड जातं, सूर्य मावळायला अजून साडेतीन तास असले तरी. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. बाउएनच्या बाकावर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर चपाती खात निवांत बसलो होतो, आणि बघता बघता सावलीची कड पायांवरून सरकत गुडघ्यांवर आली, मग पुढे पाण्यावर गेली. पाच मिनिटांत हात गार. समोरचा पूर्व काठ मात्र उन्हात लख्ख.

म्हणून बाराच्या सुमारास बाउएनहून निघा. शेवटी रॉइस नदीच्या मुखाशी खोरं रुंद होतं, तिथे ऊन पुन्हा भेटतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, त्यानंतर जाणार असाल तर हे तास तसे बदलून घ्या.

८. तिथे पोचायचं कसं? बोट मिळते ना?

मिळते, पण मार्चमध्ये तिच्यावर विसंबू नका. लुसर्नहून फ्ल्यूएलेनला जाणारी बोट बाउएन, इस्लेटेन या धक्क्यांना लागते आणि पूर्ण प्रवासाला पावणेतीन तासांच्या आसपास घेते. उन्हाळ्यात फेऱ्या भरपूर. हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी या टोकाला त्या फारच कमी होतात. मी मोबाइलमध्ये वेळापत्रकाचा फोटो काढून नेला होता, तो निघाला उन्हाळ्याचा. धक्क्यावर पाऊण तास उभं राहिल्यावर ते लक्षात आलं, आणि पहिला दिवस असाच गेला.

दुसऱ्या दिवशी लुसर्नहून रेल्वेनं फ्ल्यूएलेनला गेलो, साधारण तासभर. तिथून बसनं बाउएन. बसच्या फेऱ्याही मोजक्या आहेत, तेव्हा त्याच दिवसाची वेळ स्विस रेल्वेच्या अॅपवर बघा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रेल्वे, बस, बोट सगळं त्यातच येतं.

९. मग उलटं, फ्ल्यूएलेनहून बाउएनला चाललं तर?

चालेल, पण मी सांगणार नाही. बाउएनला पोचलात आणि शेवटची बस गेलेली असली तर अडकाल. फ्ल्यूएलेनला मात्र धक्क्याला लागूनच रेल्वे स्टेशन आहे, गाड्या रात्रीपर्यंत. शिवाय बाउएनहून निघालं की बर्फाचा ब्रिस्टेन चालताना समोर राहतो. उलट दिशेला तो पाठीशी जाईल.

१०. वाटेत कोणती गावं लागतात? बघण्यासारखं काय?

बाउएनमध्ये दोनशेसुद्धा वस्ती नाही. तरी हवा इतकी सौम्य की तळ्याकाठी ताडासारखी झाडं वाढतात आणि त्यांच्या झावळ्यांमागे बर्फ दिसतं. स्विस राष्ट्रगीताची चाल बांधणारे धर्मगुरू आल्बेरिक झ्वीसिग १८०८ मध्ये याच गावात जन्मले.

पुढे इस्लेटेन. इथे एक ओढा डोंगरातून उतरून तळ्याला मिळतो. आल्फ्रेड नोबेल यांचा डायनामाइटचा कारखाना १८७३ मध्ये या शांत जागी सुरू झाला. त्याच काळात जवळच गोटहार्डचा रेल्वे बोगदा खोदला जात होता, म्हणजे सुरुंगाच्या दारूला गिऱ्हाईक दाराशीच. या टप्प्यात एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पाणी. इथेच आम्हाला ढग गडगडल्यासारखा आवाज आला. आभाळ तर निरभ्र होतं. समोरच्या डोंगरावर बघितलं तर वरच्या घळीतून बर्फ घसरत होतं, जात्यातून पीठ सांडावं तसं, बारीक आणि सावकाश. आवाज थांबला तरी ते सांडतच होतं. आमच्यात आणि त्यात अख्खं तळं होतं, भीतीचं काही नव्हतं. पण आम्ही तिघंही बराच वेळ बोललो नाही.

झेडॉर्फला आ प्रो नावाची सोळाव्या शतकातली गढी आहे, भोवती पाण्याचा खंदक. त्यानंतर रॉइस नदीच्या मुखाचा प्रदेश: वेत, पाणथळ गवत, पक्षी बघायला लाकडी मनोरा. पाण्यात जी छोटी बेटं दिसतात ती माणसांनी घातलेली आहेत. वर्षानुवर्षं वाळू-खडी उपसल्यानं इथला उथळ काठ खचत चालला होता. ५७ किलोमीटरच्या नव्या गोटहार्ड बोगद्यातून निघालेला दगड आणून इथे टाकला आणि बेटं तयार केली. काही पक्ष्यांसाठी राखलेली, काही पोहणाऱ्यांसाठी. तो बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला. नदीकाठी ज्यांनी वाळूउपसा बघितला आहे त्यांनी इथे थोडं थांबावं.

११. हे तळं धरणाचं आहे का?

नाही. हिमयुगात हिमनदीनं दरी कोरली आणि बर्फ वितळल्यावर ती पाण्यानं भरली. म्हणूनच कडे सरळ पाण्यात उतरतात. संपूर्ण लुसर्न सरोवराची कमाल खोली २१४ मीटर.

आईनं हाच प्रश्न बाउएनच्या धक्क्यावर विचारला होता, जरा वेगळ्या शब्दांत. “ह्या पाण्याखाली गाव नाही ना?” तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. गाव उठलं, घराची लाकडं, जातं, देव बैलगाडीत घालून माणसं निघाली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी ती आजही गेली की पाण्याकडे बघत हातानं दाखवते: तिथं आमचं पिंपळाचं झाड, तिथं ओढा. त्यामुळे तळ्याच्या काठावर जुनं चर्च, जुनी घरं, जुनी दफनभूमी सगळं जागच्या जागी आहे, हे बघून तिला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. मी “नाही” म्हटल्यावर ती खाली वाकली, पाण्यात हात बुडवला, आणि ओला हात डोळ्यांना लावला.

१२. तळं गोठतं का? पाण्यात उतरता येईल?

गोठत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे वरचं पाणी थंड झालं की खाली बसतं आणि खालचं कोमट पाणी वर येतं. एवढ्या खोल तळ्यात तळापर्यंत सगळं पाणी असं गार होईस्तोवर हिवाळा संपून जातो. मार्चमध्ये वरचं पाणी पाच-सहा अंशांचं असतं. हात बुडवा, पोहू नका. उतरायचंच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा.

१३. खायचं काय? साताऱ्याहून काय नेता येईल?

कंदी पेढे नेऊ नका. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात, पण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास बंदी आहे. तूपही नको. ताजी मिरची, कढीपत्ता, लिंबू यांनाही परवानगीच्या कागदाशिवाय मनाई. शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी (तुपाऐवजी तेलावरची), चिक्की, भाजलेले दाणे चालतात.

चालायच्या दिवशी डबा बरोबर ठेवाच. छोट्या गावांतली खाणावळ मार्चमध्ये बंद असू शकते, रविवारी तर दुकानंही बंद. गावातल्या दगडी कारंज्याचं पाणी सहसा पिण्याचंच असतं. पिण्यासारखं नसेल तिथे तशी पाटी लावलेली असते.

१४. वाट चुकण्याची भीती आहे का? भाषा येत नाही.

वाटेवर जागोजागी पिवळ्या पाट्या आहेत. पाटीवर अंतर किलोमीटरमध्ये नसून वेळेत लिहिलेलं असतं, तेही न थांबता चाललं तर. आपण त्यात निम्मी भर घालावी. साधी पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पिवळ्या पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर-कुऱ्हाडीवाल्या गिर्यारोहकांची, तिकडे वळायचं नाही.

भाषेचं म्हणाल तर “ग्रुएत्सी” एवढा एक नमस्कार पुरतो. वाटेत भेटलेलं प्रत्येक माणूस तो करतं, आपणही करावा. छाटणी करणाऱ्या एका आजीबाईंना आईनं हात जोडले. त्यांनी शिडीवरून उतरून हातमोजे काढले आणि तसेच हात जोडले.

१५. गळ्यात घंटा असलेल्या गायी दिसतात ना?

मार्चमध्ये नाही. त्या अजून गोठ्यात असतात, उंचावरच्या कुरणांवर तर जूनच्या सुमारास चढतात. मार्चमध्ये गायी नाकाला कळतात: गोठ्यातलं शेण-मूत पाण्यात कालवून टँकरनं शेतात फवारतात. आईला तो वास माहेरचा वाटला.

आणखी एक वास येईल, लसणाचा. सावलीत जमिनीलगत रुंद हिरवी पानं दिसतात, तो रानलसूण. तिथले लोक पानांची चटणी करतात. आपण मात्र तोडून खाऊ नये, हुबेहूब तशाच पानांच्या विषारी वनस्पती त्याच जागी उगवतात.

१६. अचानक गरम वारा सुटला, असं कोणीतरी सांगितलं. ते काय?

त्याला फ्योन म्हणतात. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा वारा पलीकडे पाऊस टाकून देतो आणि अलीकडे उतरताना कोरडा, गरम होतो. उरीचं खोरं त्यासाठी प्रसिद्ध आहे. डोंगर हाताशी आल्यासारखे स्वच्छ दिसतात, ऊब येते, आणि तळ्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. त्या दिवशी काठाच्या अगदी कडेनं चालू नका आणि बोटी रद्द होतील हे धरून चाला. काठावर नारिंगी दिवे असतात: मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावधान, ९० वेळा तर वादळ.

१७. वाट बंद असली तर? किंवा बर्फ पडायला लागलं तर?

मार्चमध्ये काठावरही एखाद्या दिवशी बर्फ पडतं, बहुधा दुपारपर्यंत वितळतं. तसं झालं तर एक दिवस पुढे ढकला. दरडीचं मात्र आधी बघून घ्या. समोरच्या काठावर सिसिकॉन–फ्ल्यूएलेन दरम्यान डोंगर ढासळतो. २०१९ मध्ये तिथला मुख्य रस्ताही त्यामुळे बंद ठेवावा लागला होता. वाटेवर अडसर आणि लाल पाटी दिसली की मागे फिरा, पलीकडून जाऊ बघू नका. अडचण आलीच तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १४४. शेंगेन व्हिसासाठी काढलेला आरोग्य विमा त्या दिवशी खिशात असू द्या.

१८. परदेश परवडत नाही. आपल्याकडे असं कुठे चालता येईल?

बर्फ सोडलं तर फाल्गुनात शिवसागराच्या काठी. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, नाहीतर महाबळेश्वरहून तापोळा. पाणी उतरू लागलेलं, सावर आणि पळस फुललेले, करवंदाच्या जाळ्यांना पांढरी फुलं, आणि शिमग्याला मुंबईकर घरी आल्यानं गावं भरलेली. ऊन कडक असतं, म्हणून तिकडच्या उलट: दुपार कलल्यावर, चारनंतर निघा. गावातल्या माणसाला विचारून काठाकाठानं चाला. पलीकडचा काठ अभयारण्याचा आहे, वासोट्याकडे जायचं तर वनखात्याची परवानगी आणि बामणोलीची बोट लागते. पाणी आणि डबा बरोबर घ्या. आणि कोणी म्हातारं माणूस पाण्याकडे बोट दाखवून काही सांगायला लागलं, तर घाई करू नका.